पुणे ग्रँड टूर दहा वर्षांनी असेल का?

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात जे झालं ते मी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलंय आणि मला ते मनापासून आवडलंय, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस रेसच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. ही रेस माझ्या नातवंडांनी बघावी अशी माझी इच्छा आहे, आणि म्हणूनच लिहितोय की आत्ता ती ज्या आधारावर उभी आहे त्या आधारावर ती फार वर्षं टिकेल असं मला वाटत नाही.

ज्यांना ही रेस फक्त ट्रॅफिक बंद असल्यामुळे कळली त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेज रेस म्हणजे रोज एक टप्पा, रोजची वेळ मोजायची, सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. पुण्यात हे पाच दिवस चाललं, सुरुवातीला शहरातच गुडलक चौकाच्या भागात प्रोलॉग म्हणजे सलामीचा छोटा टप्पा, मग मुळशी-मावळ, पुरंदर, बारामती असं फिरून परत शहर, एकूण सुमारे ४३७ किलोमीटर. जागतिक संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या यादीत हिचा दर्जा २.२. पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची रेस आणि पॉइंटच्या पुढचा २ म्हणजे पायरी, वर वर्ल्ड टूर, मग प्रो सिरीज, मग १, आणि मग ही. खालची पायरी म्हणून नाक मुरडू नका, कारण इथे मिळालेले रँकिंग पॉइंट ऑलिंपिकच्या पात्रतेत धरले जातात, आणि आपल्या पोरांना एरवी त्यासाठी स्वतःची सायकल खोक्यात भरून परदेशी जावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. सायकल रेसला तिकीट नसतं. गहुंजेला मॅच असली की गेटवर पैसे येतात, आत वडापाव विकला तरी त्याचा हिस्सा येतो, सायकल रेस मात्र आपल्या दारावरून जाते आणि फुकट जाते, हीच तिची मजा आणि हाच तिचा शाप. खर्च मात्र सगळा आहे. टीमची राहण्याजेवणाची सोय आयोजकाने करायची, बॅरिकेड, अँब्युलन्स, डॉक्टर, मोटरसायकलवरचे मार्शल, वेळ मोजणारी यंत्रणा, हेलिकॉप्टर, पोलीस, आणि टीव्हीचं म्हणाल तर छोट्या रेसला चॅनेलकडून पैसे मिळणं लांबच, चित्रीकरणाचा खर्चही बहुतेक वेळा आयोजकालाच करावा लागतो. मग पैसे येणार कुठून? एकतर मोठी कंपनी देते नाहीतर सरकार देतं. आणि दोन्हीकडे शेवटी हो किंवा नाही म्हणणारी माणसं दोन-चारच असतात. ती माणसं बदलली, त्यांचं मन बदललं, की रेस गेली. लाखभर लोक रस्त्यावर उभे असले तरी गेली.

हे मी अंदाजाने बोलत नाहीये. जगात अशा रेसचं अक्षरशः स्मशान आहे, आणि त्यातली एक गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे कारण ती पुण्याच्या फार जवळची आहे. जवळची म्हणजे अंतराने नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचं गाव आहे, डोंगराच्या पायथ्याशी, युनिव्हर्सिटीचं, तरुण पोरापोरींनी भरलेलं, सायकलवाल्यांचं. १९७५ मध्ये तिथल्या हर्बल चहाच्या कंपनीच्या मो सीगल नावाच्या मालकाने एक रेस सुरू केली. त्यांचा जास्वंद घातलेला एक लाल चहा होता, रेड झिंगर, त्याचंच नाव रेसला दिलं. रेड झिंगर बायसिकल क्लासिक. सुरुवातीला अगदी स्थानिक, बोल्डरच्या आसपासचे रस्ते, एक टप्पा तर ज्या वाटेवर व्हायचा तिचं नाव मॉर्गुल-बिस्मार्क, म्हणजे तिथल्या एका सायकलवाल्याच्या मांजराचं आणि कुत्र्याचं नाव. गावातल्या पार्कभोवती गोल गोल फिरायची रेस व्हायची तेव्हा हजारो लोक गवतावर बसून बघायचे.

पुढे सीगलने ही रेस मायकेल आयस्नर या माणसाच्या हातात दिली आणि १९८० पासून तिला नाव आलं कूर्स क्लासिक, कारण पैसा कूर्स या बिअर कंपनीचा होता. कंपनीही तिथलीच, कोलोरॅडोची. आणि मग रेस अशी वाढली की विचारू नका. १९८१ मध्ये सोव्हिएत टीम आली, त्यात मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णविजेता सुखोरुचेन्कोव्ह होता, आणि जेमतेम विशीतल्या ग्रेग लेमाँड या अमेरिकन पोराने त्याला हरवलं. शीतयुद्धाचे दिवस, त्या गावात तेव्हा काय वातावरण असेल याची कल्पना करा. १९८५ ला लेमाँड परत जिंकला, १९८६ ला बर्नार्ड इनो, म्हणजे पाच वेळा टूर दे फ्रान्स जिंकलेला माणूस, इथे येऊन जिंकून गेला. टप्पे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, नेवाडापर्यंत आणि शेवटी शेवटी तर हवाई बेटांपर्यंत गेले.

आणि १९८८ नंतर रेस बंद. कूर्सने हात काढून घेतला, दुसरा कोणी तेवढा पैसा घालणारा मिळाला नाही, संपलं. लोक कमी झाले नव्हते की खेळाडू यायचे बंद झाले नव्हते. उलट त्याच वर्षी उन्हाळ्यात बोल्डरमध्ये राहणारा अँडी हॅम्पस्टन बर्फाच्या वादळात गाव्हिया घाट चढून जिरो ही इटलीची मोठी स्टेज रेस जिंकला होता, अमेरिकन माणसाने पहिल्यांदा, म्हणजे फळ हातात यायला लागलं आणि त्याच वर्षी झाड तुटलं.

मला यात दोन गोष्टी दिसतात आणि त्या दोन्ही पुण्याने नीट बघाव्यात. पहिली तर उघड आहे, एका कंपनीच्या नावावर उभी असलेली रेस त्या कंपनीच्या एका मीटिंगमध्ये संपते. दुसरी गोष्ट कमी लोक बोलतात. रेस गेली पण तिने जे माणूसबळ तयार केलं ते गेलं नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रोड रेसची दोन्ही सुवर्णं, पुरुषांचं आणि बायकांचं, याच रेसमध्ये घडलेल्या खेळाडूंनी घेतली. बायकांमध्ये कॉनी कार्पेंटर, आणि पुरुषांमध्ये अलेक्सी ग्रेवाल. हो, ग्रेवाल. वडील पंजाबातून तिकडे गेलेले शीख, पोरगा कोलोरॅडोच्या डोंगरात वाढलेला. आपल्याकडे हे नाव किती लोकांना माहीत आहे? माझ्या ओळखीतल्या पक्क्या सायकलवाल्यांनाही माहीत नसतं आणि मला दर वेळी त्याचं वाईट वाटतं. ऑलिंपिकची रोड रेस जिंकणारा पहिला अमेरिकन पुरुष हा एका पंजाबी बापाचा मुलगा आहे, म्हणजे आपल्या लोकांच्यात दम नाही वगैरे जे बोललं जातं ते तद्दन खोटं आहे, दम आहे, फक्त दाराशी रेस पाहिजे.

आणि कॉनी कार्पेंटर का तयार झाली? कारण त्या रेसमध्ये बायकांची रेस होती, पुरुषांच्या बरोबरीने, त्याच आठवड्यात, त्याच गर्दीसमोर. पोरांसाठीही वेगळी रेस निघाली, रेड झिंगर मिनी क्लासिक, दहा-बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींची. शाळकरी पोरं, पण पद्धत मोठ्यांचीच, टप्पे, जर्सी, एकूण वेळ, सगळं. मोठी रेस १९८८ ला गेली तरी ही पोरांची रेस त्यानंतरही काही वर्षं चालली, आणि त्यातून बॉबी जूलिकसारखी पोरं पुढे थेट टूर दे फ्रान्सला गेली. जूलिक १९९८ ला तिथे तिसरा आला. त्याने नंतर २०१२ मध्ये डोपिंगची कबुली दिली, तेही इथेच सांगितलं पाहिजे, कारण हा खेळ त्या रोगाने किती पोखरला हे लपवून रेसचं कौतुक करणं बरोबर नाही. पण शाळकरी वयात गावात रेस होती म्हणून ही पोरं या खेळात आली, त्यामुळे ती गोष्ट खोटी ठरत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, पुणे ग्रँड टूर टिकवायची असेल तर तिच्या खालची लहान रेस आधी उभी करा आणि तिची मालकी एका नावावर ठेवू नका. बाकी सगळं, हेलिकॉप्टर, ड्रोन, चौकाचौकातले कटआउट, नंतर.

अमेरिकेत नंतर काय झालं तेही बघा, कारण त्यांनी तीच चूक परत परत केली. १९८९ ला पूर्व किनाऱ्यावर टूर दे ट्रम्प निघाली, हो तोच ट्रम्प, दोन वर्षांत ते नाव गेलं, मग ड्यूपाँट कंपनीच्या नावाने १९९६ पर्यंत चालली आणि बंद. जॉर्जिया राज्याची २००३ ते २००८. कोलोरॅडोने २०११ ला परत मोठी रेस सुरू केली, गर्दी तुफान, २०१५ नंतर बंद, कारण मालक दर वर्षी स्वतःच्या खिशातून तोटा भरत होते.

मिझुरी राज्याची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याने भिंतीवर लावून ठेवावी. टूर ऑफ मिझुरी २००७ ला सुरू झाली, राज्याच्या टुरिझमच्या पैशावर, आणि तिच्या मागे लागलेला माणूस होता तिथला लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत दोन नंबरचा. तिकडे ही दोन पदं वेगवेगळी निवडून येतात, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि हा दुसऱ्या पक्षाचा असं झालं. तीन वर्षं रेस झाली, हिंकॅपी, वँड वेल्ड, झब्रिस्की असे नावाजलेले लोक जिंकले, आणि २०१० ला राज्याने पैसे देणं थांबवलं. मंदीचं कारण होतं, बजेट टाइट होतं, ते खरंही असेल, पण ज्या रेसला एका नेत्याची रेस म्हणून ओळखतात तिला बजेट कापताना वाचवायला दुसरा कोण उठणार? पुणे जिल्ह्यातल्या राजकारणाबद्दल मी वेगळं काही सांगायची गरज नाही. आपल्याकडे तर अधिकाऱ्याची बदलीसुद्धा पुरते. जिल्हा प्रशासनाने या रेससाठी जे केलं ते खरोखर मोठं काम आहे, इतके विभाग एका तारखेला एका रस्त्यावर आणणं हे ज्याने सरकारी कचेरीत एक दाखला काढलाय त्याला कळेल. पण साहेब बदलून जातात. नवीन साहेबांची आवड पाणी असेल, शाळा असेल, आणि त्यात त्यांचं काहीही चूक नाही.

कॅलिफोर्नियाची सगळ्यात मोठी. २००६ ते २०१९, चौदा वर्षं, ऑलिंपिक आणि वर्ल्ड चॅम्पियन सगळे यायचे, पेटर सागान एकट्याने तिथे १७ टप्पे जिंकला, २०१७ पासून वर्ल्ड टूरचा दर्जा, म्हणजे वरची पायरी गाठली. २०१८ ला एगन बेर्नाल जिंकला, त्याने पुढच्याच वर्षी टूर दे फ्रान्स जिंकली. २०१९ ला तादेय पोगाचार जिंकला, वीस वर्षांचा पोरगा, आज तो जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकलपटूंमध्ये धरला जातो. आणि त्या रेसनंतर पाचच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, आयोजक कंपनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षी रेस नाही, धंदा म्हणून हे परवडत नाही. तात्पुरती थांबवतोय म्हणाले. परत झाली नाही. तेव्हा जे लोक म्हणतात की दर्जा वाढवा, २.२ वरून २.१ करा, मोठी नावं आणा म्हणजे रेस आपोआप टिकेल, त्यांनी हे उदाहरण समोर ठेवून मग बोलावं. दर्जा वाढला की खर्च वाढतो. आयुष्य वाढतंच असं नाही.

मग कोणी म्हणेल की कंपनी नको, नेता नको, तर सहकारी संस्था घ्या, आपल्याकडे त्यांना काय तोटा. तर ब्रिटनमध्ये साधारण तसंच झालं होतं. तिथे मिल्क रेस नावाची रेस होती, १९५८ ते १९९३, दूध विकणाऱ्या मिल्क मार्केटिंग बोर्डाच्या पैशावर, म्हणजे शेवटी शेतकऱ्यांच्या दुधावर. पस्तीस वर्षं! एवढी तर आत्तापर्यंत सांगितलेल्यांतली कोणतीच चालली नाही. आणि गेली कशाने, तर सरकारने दुधाचा बाजार मोकळा केला, बोर्ड गुंडाळलं गेलं आणि बोर्डाबरोबर रेसही गेली. पूर्व युरोपातली वॉर्सा-बर्लिन-प्राग शांतता रेस १९४८ पासूनची, पक्षांच्या वर्तमानपत्रांनी चालवलेली, रस्त्यावर अफाट गर्दी, १९८९ ला राजवटी पडल्या आणि ती रेस हळूहळू खंगत २००६ ला संपली. म्हणजे पैसा खाजगी की सरकारी की सहकारी यापेक्षा तो एकाच ठिकाणाहून येतोय का हे बघायला पाहिजे.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर सोयीची उदाहरणं वेचली असं होईल. मलेशियाची टूर दे लंकावी १९९६ ला महाथिर पंतप्रधान असताना त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, पूर्ण सरकारी आशीर्वादाची, आणि इतकी सरकारं बदलूनही आज चालू आहे. म्हणजे सरकारी रेस मरतेच असा नियम नाही. पण तिथे ती देशाची रेस झाली, वेगवेगळ्या राज्यांतून जाते, गेंटिंगचा चढ लोकांना पाठ आहे, त्यामुळे ती बंद करणं कुठल्याही सरकारला अवघड जातं. आपल्या रेसला तिथपर्यंत न्यायचंय, आणि एक-दोन वर्षांत ते होत नाही.

आपल्याच घरातलं बघू. मुंबईत २०११ मध्ये टूर दे मुंबई नावाने यूसीआयच्या रेस झाल्या, आठवतंय कोणाला? एलिया विवियानी तिथे जिंकून गेला, ज्याने पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर सुवर्ण घेतलं. असा माणूस आपल्या रस्त्यावर स्प्रिंट मारून गेला आणि मागे काय राहिलं, एक क्लब नाही, पोरांची एक रेस नाही, काही नाही. आणि दुसरीकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत बघा. ना तिला यूसीआयचा दर्जा, ना हेलिकॉप्टर, कधी होते कधी होत नाही, निधी नाही म्हणून मध्ये वर्षंच्या वर्षं गेली, तरी आजही कोणी तरी उठतं आणि ती परत भरवतं. का? कारण बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात आणि तो किताब लोकांच्या डोक्यात आहे. पुण्यातल्या जुन्या लोकांना विचारा, रेस कोणी जिंकली ते विसरलेले असतात पण घाटाचा राजा कोण होता ते सांगतील. खोपोलीपासून वर, शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणारा तो चढ, उन्हात लोक बादली घेऊन उभे, पोरांच्या डोक्यावर पाणी ओतायला. त्यात सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलांच्या टीमची आणि रेल्वेची पोरं पुढे असायची, कारण सायकलच्या जोरावर पक्की नोकरी मिळते ती तिथेच, आणि मागे सांगली-कोल्हापूरकडची पोरं, दुसऱ्याची सायकल मागून आणलेली. ग्रँड टूरच्या आयोजकांनी या रेसकडे जुनी आणि छोटी म्हणून बघू नये. तिच्याकडे जे आहे ते पैशाने विकत मिळत नाही.

आता विरोध करणाऱ्यांबद्दल, कारण त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. एक तक्रार सगळीकडे ऐकली, की आम्ही वर्षानुवर्षं खड्डे बुजवा म्हणून अर्ज देतोय, आणि परदेशी सायकलवाले येणार म्हटल्यावर रातोरात डांबर पडलं, स्पीडब्रेकर निघाले, पट्टे मारले गेले. ही तक्रार रास्त आहे. राग यायलाच पाहिजे. पण त्यातून निष्कर्ष रेस नको असा काढण्यापेक्षा, ही रेस दर वर्षी पाहिजे आणि रूट दर वर्षी बदलता पाहिजे असा मी काढतो, म्हणजे यंदा भोर, पुढच्या वर्षी जुन्नर, मग वेल्हे, आणि रेस गेल्यावर त्या रस्त्याची पुढची पाच वर्षांची देखभाल करारात लिहिलेली पाहिजे. दुसरी तक्रार रस्ते बंद ठेवण्याची. परीक्षेला जाणारी पोरं, डायलिसिसला जाणारा पेशंट, हातावर पोट असलेला रिक्षावाला, यांना रेसच्या आनंदासाठी थांबवताना आधी नीट सांगितलं पाहिजे, वेळापत्रक घरोघरी गेलं पाहिजे. ग्रामीण टप्प्यांवर तर रोलिंग क्लोजर जमतं, म्हणजे पुढची गाडी आली की रस्ता बंद आणि मागची गाडी गेली की लगेच मोकळा, पूर्ण दिवस अडवायची गरज नाही.

तिसरी तक्रार जास्त खोल आहे. पुणे सायकलींचं शहर होतं, कॉलेजची पोरं, कारखान्यातले कामगार, भाजी आणणाऱ्या बायका, सगळे सायकलवर, आणि आज त्याच शहरात सायकलवर ऑफिसला जाणं म्हणजे जीव मुठीत धरणं आहे. २०१७ ला महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. ट्रॅक कागदावर आहेत, जिथे जमिनीवर आहेत तिथे त्यावर टपऱ्या आणि पार्क केलेल्या गाड्या आहेत, मधेच झाड, मधेच डीपी, मधेच ट्रॅक संपतोच. भाड्याच्या सायकली आल्या आणि दिसेनाशा झाल्या. अशा शहराने आंतरराष्ट्रीय रेस भरवायची म्हणजे विसंगती आहेच. माझं उत्तर असं की रेस ही त्या आराखड्याला परत वर आणायची सगळ्यात चांगली संधी आहे, कारण पाच दिवस अख्खं प्रशासन सायकलवाल्याच्या नजरेतून रस्ता बघतं, कुठे चेंबरचं झाकण वर आलंय, कुठे वळणावर खडी आहे, कुठे डिव्हायडर अचानक सुरू होतो. ही यादी एकदा तयार झाली की ती फेकून देऊ नका, तीच यादी रोजच्या सायकलवाल्याची आहे.

मग करायचं काय. सगळ्यात आधी एक स्वतंत्र संस्था, ट्रस्ट म्हणा, जिच्यात जिल्हा परिषद, दोन्ही महापालिका, क्लब, कॉलेजं, तालुक्यातल्या संस्था असतील, आणि जिला वर्षभर हेच काम असेल. फ्रान्सची टूर १९०३ पासून आणि इटलीची जिरो १९०९ पासून चालू आहे, दोन्ही वर्तमानपत्रांनी खप वाढवायला सुरू केलेल्या, पण टिकल्या कारण तिथे हेच काम करणारी माणसं वर्षभर असतात आणि गावं टप्पा मागायला रांगेत उभी राहतात, पैसे भरून. आपल्याकडे काय कमी आहे? माळेगाव, सोमेश्वर, भीमाशंकर, विघ्नहर असे साखर कारखाने आहेत, दूध संघ आहे, चाकण-रांजणगावच्या कंपन्या आहेत, जेजुरीसारखं देवस्थान आहे. एकेका टप्प्याचा खर्च एकेका तालुक्याने उचलायचा, आणि तो टप्पा त्यांचा. मुख्य नाव कुठल्याही कंपनीचं असू दे, आज बजाज आहे, पुण्याचीच कंपनी आहे, मला त्याचा आनंद आहे, पण त्यांनी उद्या नाही म्हटलं तर अर्धी रेस तरी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. पाच टप्प्यांचे तीन झाले तरी चालतील, वर्ष चुकता कामा नये. वर्ष चुकलं की यूसीआयच्या कॅलेंडरमधली जागा जाते, टीम दुसरीकडे तारखा देतात आणि पोरं खेळ सोडतात.

आणि बायकांची रेस. पहिल्या वर्षी फक्त पुरुषांची झाली, ठीक, सुरुवात होती असं म्हणू. पण आता कारण चालणार नाही. महाराष्ट्रातल्या मुली सायकलिंगमध्ये नॅशनल मेडल आणतात, त्यांना घरच्या रस्त्यावर पळायला मिळू नये हा अन्याय आहे आणि मला तो बघवत नाही. नवीन रस्ता बंद करायचा नाही, जास्तीची परवानगी नाही, पुरुषांच्या आधी दोन तास त्याच रस्त्यावर सोडा.

पोरांच्या रेसचं तर मी कोणाच्या परवानगीची वाट बघू नका असंच म्हणेन. बालेवाडीला १९९४ च्या नॅशनल गेम्सपासूनचं क्रीडासंकुल आहे, त्यात वेलोड्रोम म्हणजे सायकल रेसचा गोल ट्रॅक आहे. सिंहगडाचा पायथा, बोपदेव घाट, दिवे घाट, खडकवासल्याचा रस्ता, रविवारी पहाटे तिथे क्लबची माणसं असतातच, लाख-दोन लाखांच्या सायकली घेऊन, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्यातले कित्येक जण स्वतःच्या खर्चाने गरीब पोरांना टायर घेऊन देतात. यांनाच हाताशी धरून दिवाळीच्या आधी प्रत्येक तालुक्यात एक दिवसाची रेस घ्या, बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींची, साध्या सायकलचा वेगळा गट आणि गिअरवाल्यांचा वेगळा. जत्रेत कुस्तीचा फड लागतो, बैलगाडा पळतो, त्या गावांना रस्ता अडवून गर्दी सांभाळायला कोणी शिकवायची गरज नाही. तालुक्यातून पहिले आलेले मुलगा-मुलगी जानेवारीत ग्रँड टूरच्या त्यांच्या तालुक्यातल्या टप्प्याला पाहुणे, आणि जेवढ्या कमी दिवसांत जमेल तेवढ्या, दोन दिवसांची का होईना, त्यांची स्वतःची मिनी स्टेज रेस, मोठ्यांच्याच फिनिश लाइनवर. हेल्मेट सक्तीचं, आणि ते आयोजकांनी द्यायचं, पोराच्या बापाने आणायचं नाही. याचा सगळा खर्च मोठ्या रेसच्या एका दिवसाच्या झगमगाटातून निघेल अशी माझी खात्री आहे, आणि पालकमंत्र्यांपासून कलेक्टर कचेरीपर्यंत ज्यांच्या हातात पुढच्या वर्षीचं बजेट आहे त्यांनी त्यात या पोरांच्या रेसचा वेगळा हेड काढावा, मोठ्या रेसच्या खात्यात मिसळलेला नको, म्हणजे उद्या ती मोठी रेस एखाद्या वर्षी अडली तरी दिवे घाटात ही पोरं पळतील.